रोपाबरोबरची माती

शेंडा

दुपार झाली की सयाजीची वांगी माना टाकायची. ऊन कलंडलं की पुन्हा उभी राहायची, जणू काही झालंच नाही. सकाळी बघणाऱ्याला वाटावं, काय झोकात पीक आहे! दुपारी बघणाऱ्याला वाटावं, याच्या विहिरीनं तळ गाठला. विहिरीत पाणी रग्गड होतं. सयाजी मोट हाकून हाकून थकला, सरीत घोटाभर पाणी उभं राहिलं, तरी सूर्य माथ्यावर आला की शेंडे खाली.

मंजुळाबाई बांधावरून बघायची. सयाजी तिच्या थोरल्या दिराचा मुलगा, शेताला शेत लागून. पण तिचं बघणं नुसतं काकीचं नव्हतं. ती रोपं तिच्या वाफ्यातली होती.

चाकणहून मोशीकडं जाताना, इंद्रायणी लागायच्या अलीकडं, बोरमळा नावाची वस्ती. त्या वस्तीत वांग्यामिरचीचं रोप कुणी आपापलं टाकत नसे. मंजुळाबाईनं टाकायचं आणि वस्तीनं न्यायचं, हा पायंडा तिच्या सासूपासूनचा. सासूनं जाताना सुनेला किल्ल्या दिल्या नाहीत, कारण कुलूप लावावं असं घरात काही नव्हतंच. वाफा दिला. विहिरीलगतचा, शेवग्याच्या उडत्या सावलीतला, दरसाल त्याच जागचा. रोपाचं मोल घ्यायचं नाही, एवढं बजावून दिला. पहिल्या तोड्यातली वांगी मात्र ज्यानंत्यानं तिच्या दारात आणून ठेवायची. पीक साधलेल्या वर्षी तिच्या चुलीवर दुसरी भाजी चढत नसे, आणि तिचे मालक मारुतराव जेवायला बसले की आधी हात जोडायचे. देवाला नव्हे, भाजीला.

या वर्षी सयाजीची सगळ्यांत जास्त, पण बाकीच्यांचीही वांगी खुरटली होती; भादवा सरत आला तरी दारात एक टोपली आली नव्हती.

पान

पानं पिवळी पडली तेव्हा पारावर ज्याला जे सुचलं ते तो बोलला.

— पानी जास्त झालं.

— पानी कमी पडलं.

— शेणखत कच्चंच वडलं असंल. सयाजीला कुठला आलाय दम!

— पिंपरीला त्यो औषधाचा कारखाना हुतोय न्हवं, त्याचा धूर.

— आरं, कारखान्याच्या भिंती उभ्या ऱ्हात्यात अजून, चूल पेटायच्या आधी धूर?

— मग दिष्ट.

— त्या वांग्यास्नी? बघतंय कोण तिकडं?

रोपाचं नाव कुणी काढलं नाही. मंजुळाबाईच्या हाताला बोल लावावा हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तिच्या आलं.

मूळ

सयाजीनं एक दिवस वैतागून झाड उपटलं आणि ते तसंच धरून, माती सांडत, पळत आला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"काकी, बघ! मुळाला धन लागलंय धन!"

मुळाला गाठीच गाठी होत्या. फुटक्या माळेचे मणी कुणी घाईघाईनं ओवावेत तशा, एकीला चिकटून दुसरी.

ते धन कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. दोन वर्षांमागं शेतकी खात्यातले लक्ष्मणराव सायकलीवरून वस्तीवर आले होते. त्यांनी भुईमुगाचा वेल उपटून सगळ्यांच्या नाकासमोर धरला आणि मुळाच्या गाठी दाखवल्या. म्हणाले, हे जमिनीला फुकटात मिळणारं खत. जितक्या गाठी तितकं बरं. ते भुईमुगाबद्दल बोलले. बोरमळ्यानं मुळाबद्दल ऐकलं. चांगलं सांगितलेलं माणूस अंथरुणापेक्षा जरा मोठंच पसरून घेतो. तेव्हापासून वस्तीत जो तो हातात येईल त्या झाडाचं मूळ उलटंपालटं करून गाठी शोधायचा.

मंजुळाबाईनं तर याच्या पुढची मजल मारली होती. वाफ्यातलं रोप काढताना ती मूळ बघायची. गाठीचं रोप दिसलं की बाजूला ठेवायची. साधं रोप गावाला, गाठीचं जवळच्या माणसांना. सयाजी घरचाच, त्याला वेचून वेचून गाठीची दिली होती.

आणि आता दसऱ्यानंतरच्या लावणीसाठी टाकलेल्या वाफ्याचा विहिरीकडचा कोपरा, जिथं गाठी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत दाट येत होत्या, तो तिनं कुणाला हात लावू न देता राखला होता. तो इंद्रायणीचा होता. इंद्रायणी म्हणजे नदी नव्हे, तिची लेक. चिंचवडच्या पलीकडं, माण गावी दिलेली.

"धन लागलंय, तर पीक झोपतंय कशापायी?" मंजुळाबाईनं विचारलं.

सयाजीचं हसू हळूहळू उतरलं. "आता लागलंय. आता उठंल की."

ते उठलं नाही.

लक्ष्मणराव आले ते खताच्या खड्ड्यांची पाहणी करायला. मंजुळाबाईनं त्यांना खड्ड्याकडं जाऊच दिलं नाही. सायकल शेवग्याला टेकवायला लावली आणि सरळ सयाजीच्या रानात नेलं. त्यांनी एक वांग्याचं झाड उपटलं, मूळ पाटात खळबळलं, आणि उकिडवे बसून एकेक गाठ दाबून बघितली. मग मारुतरावांच्या पट्टीतला भुईमुगाचा वेल उपटून आणला.

"मावशी, ही भुईमुगाची गाठ. बोटानं चोळा."

तिनं चोळली. गाठ सुटून हातात आली. फोडली तर आत गुलाबी.

"आता वांग्याची काढा."

तिनं चोळलं. नखानं खरवडलं. मूळ तुटलं, गाठ निघाली नाही. गाठ मुळावर बसलेलीच नव्हती. मूळच सुजलेलं होतं.

"आत जंत आहेत," लक्ष्मणराव म्हणाले. "डोळ्याला दिसायचे नाहीत इतके बारीक. मुळात शिरतात नि तिथंच संसार मांडतात. वर पाणी चढत नाही. म्हणून दुपारी झाड मान टाकतं."

"औषध?"

"परदेशात जमिनीत सोडायचं काही निघालंय म्हणतात. मी पाहिलेलं नाही, त्यामुळं तुम्हाला सांगत नाही. या रानात काही हंगाम वांगं नको, मिरची नको, भेंडी, टमाटा नको. बाजरी करा. झेंडू लावा, झेंडूशी त्यांचं जमत नाही. आणि चैत्रापासून रान खोल नांगरून उन्हात पडू द्या. उन्हानं मरतात. सगळे नाही, पण पुष्कळ." बोलता बोलता त्यांची नजर विहिरीकडच्या हिरव्यागार वाफ्यावर गेली आणि ते थांबले.

"कशातनं जातोय ह्यो जंत?" तिनं विचारलं.

"मातीतनं. चिखलातनं, पाण्यातनं, कुळवाला चिकटून, पायाला चिकटून."

"आन बियातनं?"

"बियातनं नाही."

सायकल हाती घेताना ते अडखळले. "मावशी, मी त्या वेळी भुईमुगाचं बोललो होतो."

"व्हय. तुमी भुईमुगाचंच बोलला हुता," मंजुळाबाई म्हणाली. "आमी समद्याचं ऐकलं."

माती

रोप मोकळ्या मुळानं द्यायचं नाही.

वाफा भिजवून घ्यायचा. रोप उचललं की वाफ्यातलीच मूठभर माती मुळाशी दाबायची, गोळा करायचा. त्याला मुटका म्हणत. मुटका केळीच्या सोपात गुंडाळायचा, आणि मगच रोप दुसऱ्याच्या हाती. सासू म्हणायची, पोरगी सासरी धाडताना ओटी भरतो न्हवं? मग रोपाला परक्या रानात रित्या पदरानं कशाला धाडायचं? आणि सासूचं म्हणणं खोटं नव्हतं. मुटक्याचं रोप दिवसभराचा प्रवास सोसायचं आणि दुसऱ्या सकाळी ताठ व्हायचं.

माती चांगली होती तोवर.

आता मंजुळाबाई वाफ्याच्या कडेला बसून आठवू लागली, कुणाकुणाच्या रानात तिचे मुटके गेलेत. मग आठवायचं सोडून दिलं. गेलेलं गेलं होतं. जायचं होतं ते तिच्यासमोर उभं होतं, वीतभर उंच, तुकतुकीत. वाफ्यात असेपर्यंत ते कधी मान टाकत नसे, हीच त्याची लबाडी.

माणला इंद्रायणीच्या सासऱ्यांचा नुसता माळ होता. खुरासणी नाहीतर गवत, याखेरीज त्यानं कधी काही दिलं नव्हतं. उन्हाळ्यात तिथं विहीर खणली आणि पाणी लागलं. पहिलं बागायत. व्याही अर्जुनराव यांनी सगळ्या माणमध्ये सांगून ठेवलं होतं, की पहिलं रोप लागेल ते विहीणबाईंच्या वाफ्यातलं, मुटक्यासकट. दसरा झाला की ते स्वतः गाडी घेऊन यायचे होते.

दिलं तर कोरं रान नासणार. न दिलं तर इंद्रायणीला जन्मभर ऐकावं लागणार, की हिच्या माहेरानं मूठभर माती दिली नाही.

मारुतराव सुपारी कातरत म्हणाले, "शेळीनं खाल्लं म्हणू."

"आपल्यात शेळी न्हाई."

"सयाजीची हाय."

"सयाजीची दावणीला असती. आन अर्जुनराव सयाजीला इचारनार न्हाईत व्हय?"

मारुतरावांनी विचार केला. "मग मुळं धुऊन धाडू. माती न्हाई, जंत न्हाई."

"गाठीत बसलाय त्यो, धनी. धुऊन निघत न्हाई. सूज धुतली म्हणून उतारती का?"

"तर मग शेळीच बरी," मारुतराव म्हणाले.

पाय

अर्जुनराव आले ते दसऱ्याचं सोनं देतच. धिप्पाड माणूस, बोलायला लागला की बैल कान हलवायचे. आदल्या दिवशी निघून चिंचवडला मुक्काम केलेला. गाडीत भाताचा पेंढा जाड अंथरलेला, वर कोऱ्या पाट्या.

"विहीणबाई, रोपासाठी गादीच घालून आणलीया! माणूस निजंल अशी. तुमच्या लेकीनं पाट्या शेणानं सारवून दिल्यात, काय समजलात!"

मंजुळाबाईनं गूळपाणी दिलं. जेवण वाढलं. पोळ्यांवर तूप घातलं, आणखी घातलं. अर्जुनराव हात धुऊन विहिरीकडं निघाले तशी ती उंबऱ्यात उभी राहिली.

"व्याहीबुवा, रोप द्यायचं न्हाई."

मारुतरावांनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, शेळी..."

"शेळीबिळी काय न्हाई," ती म्हणाली. "रोप हाय. चांगलं हाय बघायला. पर द्यायचं न्हाई."

अर्जुनरावांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वस्तीला द्यायचं आन लेकीला न्हाई?"

"वस्तीला बी न्हाई."

ती त्यांना वाफ्याच्या आत घेऊन गेली नाही. कडेला उभं केलं, स्वतः आत जाऊन राखलेल्या कोपऱ्यातलं एक रोप उपटलं, घागरीत खळबळून त्यांच्यासमोर धरलं.

अर्जुनराव बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "आवं, ह्या तर गाठी! ह्या चांगल्या असत्यात! आमच्याकडं बी शेतकीवाला आला हुता, त्यानं भुईमूग—"

"उपटून दावला," मंजुळाबाई म्हणाली.

"व्हय."

"घ्या. ह्यो बी घ्या." तिनं भुईमुगाचा वेल आधीच कनवटीला लावल्यासारखा पदरात घेतला होता. "दोन्ही चोळा. कंची निघती ती सांगा."

अर्जुनरावांनी चोळलं. एक निघाली. दुसरीसाठी त्यांनी अंगठा लावला, मग दात लावायच्या बेतात होते, तेव्हा मारुतराव घाईनं म्हणाले, "जंत हायती त्यात, पाव्हणं."

अर्जुनरावांनी हात झटकला.

"सयाजीचं रान दुपारचं बघा जाऊन," मंजुळाबाई म्हणाली. "मी वेचून वेचून दिलेलं रोप हाय त्ये. तुमचं रान कोरं हाय. एकदा गेला तर तुमच्या नातवाच्या हातनं बी निघायचा न्हाई."

अर्जुनराव गेले, उन्हात उभे राहून बघून आले. आल्यावर पाणी मागितलं नाही. गाडीच्या जुवावर बसले.

"समजलं मला," ते म्हणाले. "मला समजलं, विहीणबाई. पर माणला कसं समजवू? साऱ्या गावाला सांगून आलोय. गाडी रिकामी गेली तर लोक इचारत्याल, पानउतारा करून घेऊन आला का? तितं तुमच्या लेकीलाच जड जाईल त्ये."

मंजुळाबाई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात खण-नारळ होता आणि फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत राखेत घोळलेलं वांग्याचं बी, फार मागचं नव्हे, गेल्या सालचं, निवडक फळातलं.

"रोप तिनं टाकावं. तिच्या मातीत. बियातनं ह्यो रोग जात न्हाई, इचारून घेतलंय मी."

"आन माती?"

"माती न्हाई."

अर्जुनरावांनी पुरचुंडी घेतली, पण त्यांचं बसणं तसंच जड राहिलं. गाडी पाटाच्या चिखलातून आत आली होती; चाकांच्या आऱ्यांना काळी माती लडबडली होती. मंजुळाबाईचं लक्ष तिकडं गेलं. मग बैलांच्या खुरांकडं. मग अर्जुनरावांच्या वहाणांकडं.

"गाडी वर रस्त्याला घ्या," ती म्हणाली. "मुरमावर उभी करा. पर जायचं न्हाई अजून."

मुरमावर गाडी उभी राहिली. मंजुळाबाईनं भरली घागर आणली, पेंढ्याचा बोळा केला आणि चाक धुवायला घेतलं. आरा न् आरा. धाव. आस. एक घागर संपली, मारुतरावांनी दुसरी आणली. चाकं झाल्यावर बैल. एकेक खूर उचलून, खुराच्या बेचक्यातली माती काडीनं काढून. वस्तीतली माणसं गोळा झाली. सयाजी म्हणाला, "काकी, पोळा होऊन गेला की!" कुणी हसलं. ती वर न बघता दुसऱ्या बैलाकडं गेली.

मग ती अर्जुनरावांसमोर आली.

"वहाणा काढा. पाय फुडं करा."

अर्जुनराव दचकून उठलेच. "विहीणबाई, आवं हे काय! तुमी माझं पाय..."

"मी न्हाई. हे धुत्याल. मी पानी घालती. लग्नात घातलं हुतं तसंच."

मारुतराव गुडघे टेकून बसले. लग्नातला मान होता तो, मुलीच्या बापाचा. तेव्हा त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. आता त्यांनी टाच घासली, बोटांच्या मधली माती काढली. मंजुळाबाईनं धार धरली. काळं पाणी मुरमावरून रस्त्याच्या कडेला, वस्तीच्याच बाजूला उतरत गेलं, तिकडं ती नीट बघत होती. वहाणाही धुऊन त्यांच्या हातात दिल्या.

अर्जुनराव गाडीत बसले. त्यांची पाठ ताठ झाली होती. वस्तीच्या टोकापर्यंत गेल्यावर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मोठा ऐकू आला. बैलांशी बोलत होते.

माणला पोचल्यावर त्यांनी रोपाची गोष्ट किती सांगितली, देव जाणे. पाहुण्यांकडून परत बोरमळ्याला जी आली ती अशी: आमच्या व्याह्यांनी माझेच काय, बैलांचेसुद्धा पाय धुतले. तुमच्या कुणाच्या गाडीचे धुतलेत का कधी?

वाफा

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईनं वाफ्यातलं सगळं रोप मुळासकट उपटून वाळवून जाळलं. ज्याला हवं त्यानं बी न्यावं, आपल्या रानात कोऱ्या जागी टाकावं, असं सांगून मोकळी झाली. काहींनी नेलं. काही फुरंगटले. एक म्हातारी म्हणाली, "सासू गेली तशी हिची दानतच गेली." मंजुळाबाईनं तिलाही बी दिलं.

दारात टोपली आली नाही. त्या हिवाळ्यात घरात हुलगे शिजले, पिठलं शिजलं, पुन्हा हुलगे. मारुतराव हात न जोडता जेवले.

आणि दुपार

माघात मंजुळाबाई आणि मारुतराव सयाजीच्या गाडीतून, त्यालाच हाकायला घेऊन, माणला गेले. इंद्रायणीच्या नव्या विहिरीची पूजा, असं निमित्त होतं. लेकीच्या घरचं खायचं नाही, न्यायचं नाही, म्हणून मंजुळाबाईनं भाकरी बांधून घेतल्या होत्या.

पण रान बघायचं होतं. ती मुद्दाम ऊन चढल्यावर रानाकडं निघाली.

बांधावर पाय ठेवणार तोच आतून हाक आली. "आई, तितंच थांब!"

इंद्रायणी घागर घेऊन पळत आली. बांधाबाहेर एक सपाट दगड टाकलेला होता, ओला, पुष्कळ पायांनी घासलेला.

"दे पाय."

"आगं, मी आता तुझ्याकडनं..."

"मामंजींचा हुकूम हाय. काल सरपंचांचं बी धुतलं. त्येंनी धोतर वर धरलं नि उभं ऱ्हायलं गप."

मंजुळाबाई दगडावर उभी राहिली. लेकीनं टाच घासली, बोटांच्या मधली माती काढली. पाणी विहिरीचं, गार होतं. मारुतरावांचेही झाले. सयाजी चाक धुवायला लागला, न सांगता.

मग ती आत गेली आणि सरीच्या टोकाला बसली. माघ असला तरी ऊन चटके देत होतं. कुणी बोललं तर नुसता हुंकार दिला. सावली तिच्या पायाखाली आली. तिथून पलीकडं सरकली. शेंडे होते तसेच उभे होते, एकही वाकला नाही.

इंद्रायणीनं पाटीतून काहीतरी आणून तिच्या पदरात ठेवलं. जांभळी, देठाला काटे असलेली, ताजी.

"लेकीचं घेत न्हाई मी," मंजुळाबाई म्हणाली.

"लेकीचं नव्हं. पहिल्या तोड्याचं हाय. बी तुझं हुतं."

मंजुळाबाईनं पदराला गाठ मारली. मारुतराव शेजारीच बसले होते. त्यांनी पदराच्या फुगाऱ्याकडं बघितलं, डोळे मिटले, आणि हात जोडले.